मुलांपुढे चित्रकाराची अडचण ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी सहा ते अकरा वयाची बारा मुलं जमतात. 'महिन्याला एक चित्रकार' असं ठरवून तुम्ही व्हॅन गॉगपासून सुरुवात केलीत. 'स्टारी नाइट'चा प्रिंट भिंतीवर लावला, निळा-पिवळा पोस्टर कलर दिला, गोल गोल फटकारे कसे मारायचे ते दाखवलं. दोन तासांनी बारा चित्रं झाली, बाराही जवळपास सारखी. एक मुलगी "माझं त्याच्यासारखं नाही आलं" म्हणून रडली. पुढच्या शनिवारी "व्हॅन गॉग कोण?" असं विचारलंत तर उत्तर आलं, "तो कान कापलेला." आणि आता पुढचा चित्रकार कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारताय.

चित्रकार बदलून हे सुटायचं नाही. पिकासो घेतलात तर बारा सारखे पिकासो होतील. मी कोल्हापुरात सव्वीस वर्षं चित्रकला शिकवते, शाळेत आणि रविवारी घरच्या गच्चीवर. पहिली सात-आठ वर्षं मीही हेच केलं. एकदा वर्गात बेचाळीस सूर्यफुलं दोरीवर वाळत टाकली होती. सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र मागची नावं वाचल्याशिवाय कुठलं फूल कुणाचं ते सांगता येईना, आणि ते काही मी कुणाला बोलले नाही.

भिंतीवर तयार चित्र लावलं की मुलांना एकच काम कळतं: तसं करायचं. म्हणजे सहा वर्षांच्या पोराची गाठ थेट छत्तीस वर्षांच्या कसलेल्या माणसाशी पडते. त्यात पोर हरणारच. तुमची ती मुलगी रडली, कारण तिला फरक दिसला. बाकीच्यांना तो दिसला नाही किंवा त्यांनी मनावर घेतला नाही. मला विचाराल तर त्या वर्गात सगळ्यांत नीट बघणारी तीच.

गणिताच्या पुस्तकात उत्तरं शेवटच्या पानांवर असतात. चित्र हेही उत्तरच असतं. आपण ते आधी दाखवतो आणि उतरवून घ्या म्हणतो. गणित काय होतं ते सांगतच नाही. म्हणून हल्ली मी आधी शोधते की त्या चित्रकारापुढे अडचण काय होती. ती अडचण मुलांपुढे ठेवते, चित्रकाराचं नाव घेत नाही, चित्र दाखवत नाही. मुलं आपापली वाट काढतात, कुणाचं जमतं, कुणाचं फसतं. शेवटच्या पंधरा मिनिटांत मूळ चित्र पिशवीतून बाहेर काढते. तोवर त्या अडचणीशी मुलांची झटापट झालेली असते, त्यामुळे ती चित्राकडे "अरे, यानं असं केलं होय!" अशा नजरेनं बघतात. ती नजर यावी एवढ्यासाठीच माझा हा सगळा खटाटोप.

यातलं किती तुम्हाला जमेल हे मात्र जागेवर, वेळेवर आणि वयावर आहे. पस्तीस मिनिटांच्या तासाला पन्नास मुलं असली तर एकच प्रयोग तीन तासांत वाटून घ्यावा लागतो. तुमच्याकडे बारा मुलं आणि दोन तास आहेत, ही चैन आहे. नळ जवळ आहे का, मुलं फरशीवर बसतात की टेबलाशी, याने रंगांचं गणित बदलतं. सहा-सात वर्षांच्या मुलांना चित्रकाराच्या नावाशी फारसं देणंघेणं नसतं आणि नसावंच. त्यांना वस्तू, रंग आणि चिकटपणा पुरतो. नऊ-दहाच्या सुमारास मुलांना 'खऱ्यासारखं' काढायची ओढ लागते, आणि तेव्हाच "मला चित्रकला येत नाही" हे वाक्य सुरू होतं. अडचणीचा मार्ग या वयाला सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो. तुमच्या गटात दोन्ही वयं आहेत, म्हणून प्रयोग एकच ठेवा, पण अपेक्षा वेगवेगळ्या ठेवा.

आधी तुमची 'स्टारी नाइट'च घेऊ. हे चित्र १८८९ च्या जून महिन्यातलं. व्हॅन गॉग तेव्हा फ्रान्समधल्या सेंट रेमी इथल्या मनोरुग्णालयात होता. पूर्वेच्या खिडकीतून त्याला आकाश दिसायचं, पण झोपायच्या खोलीत रंग वापरायची मुभा नव्हती. त्यामुळे रात्री बघायचं आणि दिवसा खालच्या मजल्यावरच्या खोलीत बसून आठवणीतून रंगवायचं. चित्रातलं ते गाव त्या खिडकीतून दिसतच नव्हतं, ते त्याने मनाने घातलं. म्हणजे आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या भाषेत ही निसर्गचित्र आणि स्मरणचित्र यांची सरमिसळ झाली.

मग मुलांना काय द्यायचं? शुक्रवारी रात्री गच्चीवर किंवा खिडकीशी पाच मिनिटं उभं राहा, कागद-पेन्सिल-मोबाइल काही नको, नुसतं बघा. शनिवारी दुपारी ते रंगवा. जे आठवत नाही ते मनाने घाला. बारा मुलांच्या बारा खिडक्या, त्यामुळे सारखी चित्रं यायचा प्रश्नच उरत नाही. माझ्याकडे एका मुलाने आकाश सबंध नारिंगी केलं होतं, कारण त्याच्या खिडकीसमोर रस्त्यावरचा दिवा होता आणि तारे दिसतच नव्हते. खरं होतं त्याचं. रंग जाड यायला पोस्टर कलरमध्ये थोडा फेविकॉल घाला आणि ब्रशऐवजी आइस्क्रीमची काडी द्या. फटकाऱ्याची दिशा आपोआप दिसू लागते. शेवटी तुमचा तोच प्रिंट काढा आणि सांगा की मूळ चित्र सुमारे ७४ बाय ९२ सेंटिमीटर आहे, पूर्ण ड्रॉइंग शीटच्या साधारण दीडपट. मुलांना ते भिंतीएवढं वाटत असतं.

कानाबद्दल मुलं विचारणारच. मी टाळत नाही आणि रंगवूनही सांगत नाही. "तो आजारी होता. आजारपणात त्याने स्वतःला इजा करून घेतली. मग तो रुग्णालयात राहिला आणि बरं वाटेल तेव्हा काम करायचा." एवढं पुरतं. 'वेडा कलावंत' ही गोष्ट मोठ्यांना आवडते, मुलांना ती नको. एकदा एका मुलाने वर्गात हळूच सांगितलं होतं की त्याचा काकाही असाच आजारी असतो. त्यानंतर मी या बाबतीत शब्द फार जपून वापरते.

पुढच्या शनिवारसाठी मात्र मी तुम्हाला फ्रेंच चित्रकार मातीस सुचवेन, कारण तुमच्या गटाचा खरा शत्रू खोडरबर आहे आणि मातीसकडे त्याला जागाच नाही. १९४१ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्याच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्याचा बराचसा वेळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत गेला. कॅनव्हासपुढे तासन् तास उभं राहणं संपलं. मदतनीस मुली मोठाले कागद एकेका रंगाने रंगवून द्यायच्या, तो पेन्सिलीने काहीही न आखता थेट कात्रीने आकार कापायचा, आणि त्या मुली तो सांगेल तिथे भिंतीवर टाचण्यांनी लावायच्या. जरा वर, जरा डावीकडे, हा नको, तो परत आण. असे आठवडे जायचे.

याला दोन शनिवार द्या. पहिल्या शनिवारी फक्त कागद रंगवायचे. बाजारातला घोटीव कागद आणला तर काम सोपं होतं, पण मजा निम्मी जाते. स्वतः रंगवलेल्या कागदात ब्रशच्या रेघा दिसतात आणि प्रत्येकाचा हिरवा वेगळा येतो. रंगाऱ्याचा दीड इंची ब्रश, पोस्टर कलर, एका कागदाला एकच रंग. वाळल्यावर कागद गुंडाळी होतात, ते रात्रभर गादीखाली ठेवा.

दुसऱ्या शनिवारी मुलं यायच्या आत सगळ्या पेन्सिली आणि खोडरबर एका डब्यात घालून डबा कपाटावर. पहिली दहा मिनिटं वर्गात शोककळा असते. "बाई, न काढता कापू कसं?" त्यांना एवढंच सांगा की कात्री हलवायची नाही, कागद फिरवायचा. आणि चुकलेला तुकडा फेकायचा नाही. कापून उरलेलं जे भोक असतं, तोही एक आकार असतो. बहुतेक वेळा मुद्दाम कापलेल्या आकारापेक्षा तोच चांगला निघतो. डावखुऱ्या मुलांना आपली नेहमीची कात्री नीट चालत नाही, त्यात त्यांचा दोष नसतो. त्यांच्यासाठी वेगळी कात्री मिळते. ती नसेल तर हातानं फाडू द्या.

सगळ्यांत अवघड भाग चिकटवण्याचा. मुलांना तुकडा कापला की लगेच चिकटवायचा असतो. खळीची वाटी शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत बाहेर काढूच नका. तोवर तुकडे नुसते मांडायचे, सरकवायचे, उचलायचे. आणि पंखा बंद करा. मी एकदा विसरले आणि चाळीस मिनिटांची मांडणी एका झोतात गच्चीभर झाली. दोन मुलं चिडली, एकीने मात्र जसे पडले तसेच तुकडे चिकटवून टाकले, आणि ते चित्र अजून माझ्या भिंतीवर आहे.

मोठ्या मुलांना जोड्या करून द्या. एकाने खुर्चीत बसायचं, उठायचं नाही. दुसऱ्याने तो सांगेल तसे तुकडे मांडायचे. पंधरा मिनिटांनी अदलाबदल. यात आजाऱ्याची नक्कल करायची नाही हे आधीच स्पष्ट करा, खेळ फक्त सांगण्याचा आहे. आपल्या मनातलं चित्र दुसऱ्याच्या हातून करून घेताना "ते तिकडे" असं बोलून भागत नाही, हे मुलांना फार लवकर कळतं. "निळ्याचं टोक पिवळ्याला लागू दे, पण आत नको" इतकी नेमकी मराठी माझ्या वर्गात एरवी ऐकू येत नाही.

शेवटी 'द स्नेल', म्हणजे गोगलगाय दाखवा, १९५३ सालची. मोबाइलवर दाखवलीत तर ती टिकलीएवढी दिसेल. त्याआधी हॉलच्या फरशीवर रांगोळीने २ मीटर ८७ सेंटिमीटरचा चौकोन आखा. चित्र जवळजवळ तेवढंच आहे, साडेनऊ फुटांच्या आसपास. बाराच्या बारा मुलं त्यात बसतात. ऐंशी ओलांडलेल्या, उभं राहायलाही त्रास होणाऱ्या माणसाने एवढं मोठं काम केलं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता आपल्याकडचं एक सांगते, कारण ही सगळी मंडळी परदेशातलीच का, असं एका पालकांनी मला विचारलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, मृत्यू १९६८. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी ती बाई तुम्ही कॅलेंडरवर, दुकानात, कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत नक्की पाहिली असेल. मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि अजूनही निम्मे लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. चित्रासाठी उभी राहिलेली मुलगी हळदणकरांची स्वतःची लेक, गीता. पुढे त्या कोल्हापुरातच राहायच्या. २०१८ साली शंभरी ओलांडून गेल्या. माझ्या मुलांना हे सांगितलं की चित्रातली बाई एकदम शेजारच्या गल्लीतली होते.

पण या चित्राची खरी गंमत अशी की ते जलरंगातलं आहे. पारदर्शक जलरंगात उजेड रंगवता येत नाही. उजेड म्हणजे कोरा कागद. जिथे प्रकाश हवा तिथे रंग न्यायचाच नाही आणि बाकी सगळीकडे अंधार करत जायचं. चुकलं तर झाकायला वर पांढरा थापता येत नाही. ही अडचण आठ वर्षांच्या मुलाला जलरंगात झेपणार नाही. म्हणून मी ती उलटी करून देते, कोळशात.

आधी बघणं. खोलीत अंधार करा, पितळी ताटात निरांजन ठेवा. दिवा मुलांच्या हातात नाही, मोठ्या माणसाच्या हातात. केस बांधलेले, ओढणी-पदर खोचलेला, पंखा बंद, शेजारी पाण्याची बादली. दिव्यामागे तळहात धरा. मुलांना विचारा, उजेड कुठे आहे? आधी सगळी ज्योतीकडे बोट दाखवतात. मग एखादं मूल म्हणतं की बोटांच्या कडा लाल झाल्यात. मग कुणाला हनुवटीखालचा उजेड दिसतो, कुणाला नाकाची सावली वर कपाळाकडे गेलेली दिसते. एरवी उजेड वरून येतो, इथे खालून येतोय, त्यामुळे ओळखीचा चेहराही परका वाटतो. डोळे बारीक करून बघायला सांगा. बारीकसारीक तपशील जातो आणि फक्त उजळ आणि काळं उरतं. या बघण्याला पूर्ण पंधरा मिनिटं द्या. घाई कराल तर पुढचं सगळं नुसतं हात काळे करणं होईल.

मग दिवे लावा. प्रत्येकाला अर्धी शीट आणि कोळशाची कांडी. कांडी आडवी धरून कागद पूर्ण काळा करायचा, जुन्या सुती फडक्याने घासून एकसारखा करायचा. आता खोडरबर द्या. हो, इथे तो डब्यातून बाहेर काढा. रबराचे ब्लेडने तिरके तुकडे तुम्ही आधीच कापून ठेवा, म्हणजे धार येते. चित्र काढायचं नाही, उजेड पुसून काढायचा. आधी ज्योत, मग बोटं, मग चेहऱ्याचा जेवढा भाग उजळला होता तेवढाच. चुका पुसायला म्हणून हातात धरलेली वस्तू इथे चित्र काढते, याचं मुलांना भारी अप्रूप वाटतं. चेहरा हुबेहूब येत नाही, आणि कुणाचं तिकडे लक्षही जात नाही, कारण आपण तो मागितलेलाच नसतो. दहाच्या पुढच्या मुलांना दुसऱ्या दिवशी हेच एका रंगात, जलरंगाने, कोरा कागद राखून करायला द्या. मग हळदणकर दाखवा. माझ्या एका सातवीतल्या मुलाने चित्राला नाक लावून बघितलं आणि विचारलं, "बाई, इथं कागद सोडलाय ना?"

वारलीबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तुमच्या यादीत 'सोपं म्हणून वारली' असं लिहिलंय. मीही तसंच समजत होते. दोन त्रिकोण, एक गोल, झाला माणूस. मुलांना वारलीत क्रिकेट काढायला लावलं, वाढदिवसाचा केक काढायला लावला. आमच्या शाळेत तेव्हा डहाणूकडच्या एक मदतनीस मावशी होत्या. त्या फलकापुढे उभ्या राहिल्या, एका चित्रात कुणीतरी पुस्तकातून बघून चौक काढला होता तो बघितला आणि मला विचारलं, "लग्न कुणाचं हाय?" मला काय बोलावं सुचेना. चौक लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर काढतात, सवाशिणी काढतात, त्यात पालघाट देवी असते. नुसती नक्षी म्हणून तो काढत नाहीत. मी ते नक्षीकाम म्हणून शिकवलं होतं.

तेव्हापासून चौक मुलांकडून काढून घेत नाही, त्याबद्दल सांगते. काढून घ्यायचा तो तारपा नाच. त्यात एक जबरदस्त कोडं लपलंय. आधी मुलांना मैदानात हात धरून उभं करा, मधे एकजण तारपा वाजवतोय असं समजा, आणि रांग त्याच्याभोवती गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळत न्या. मग वर्गात येऊन ते काढायला सांगा. मुलं अडकतात. समोरून काढलं तर वेटोळं दिसत नाही. वरून काढलं तर नुसती डोकी दिसतात. वारली चित्रात वेटोळं वरून बघितलेलं असतं आणि त्यातली माणसं समोरून, दोन्ही एकाच चित्रात, आणि आपल्याला काही खटकत नाही. मुलांनी स्वतः तासभर डोकं खाजवल्याशिवाय हे त्यांना कळणार नाही. पुस्तकातलं वेटोळं आधी दाखवलंत तर ती ते मुकाट गिरवतील.

साहित्य तेवढं साधंच ठेवा. खाकी कागदावर गेरूचा हात, तांदळाच्या पिठाचं पाणी, आणि बांबूची काडी टोकाला ठेचून केलेला ब्रश. पांढऱ्या जेल पेनने हे काम पटकन होतं, म्हणून पेन वापरू नका. काडीने रेघ तुटते, पीठ ओघळतं, ओलं असताना नीट दिसतही नाही, वाळल्यावर उमटतं. आणि नाव सांगायचंच असेल तर 'आदिवासी कला' एवढ्यावर सोडू नका. जिव्या सोमा म्हसे यांचं नाव घ्या. डहाणू तालुक्यातले, जन्म १९३४. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणं सोडलं आणि धुळीत चित्रं काढून ते माणसांशी बोलायचे, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांचं काम पाहिलं आणि ते बाहेर पोहोचलं. लग्नाच्या भिंतीपुरतं बायकांच्या हाती असलेलं काम त्यांनी रोजचं, स्वतःचं केलं. २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली गेले. व्हॅन गॉगला नाव असतं आणि वारलीला नुसती जमात असते, हे मुलांच्या डोक्यात आपणच भरतो.

आणखी दोन प्रयोग झरझर सांगते. एक, फ्रेंच चित्रकार मोने. फ्रान्समधल्या रुआँ गावच्या कॅथेड्रलची, म्हणजे मोठ्या चर्चची, त्याने तिसाहून जास्त चित्रं केली, उजेड बदलला की एक कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. मुलांना घरून एकच पाण्याची टाकी किंवा एकच झाड सकाळी, दुपारी, सूर्य मावळताना, असं तीनदा रंगवायला द्या. प्रत्येकी दहा मिनिटं, बाह्यरेषा नाही. कोल्हापूरच्या मुलांना मी जोडीला आपल्या गावचे चित्रकार आबालाल रहिमान सांगते, जे कोटितीर्थ तळ्याच्या काठाशी राहून तिथलाच निसर्ग वर्षानुवर्षं रंगवत राहिले. दोन, राजा रविवर्मा. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाप्रेसवर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा. दिवाळीची शुभेच्छापत्रं बटाट्याच्या ठशांनी तीन रंगांत करून घ्या, एका रंगाला एक ठसा. तिसरा रंग जागेवर बसवताना होणारी तारांबळ हाच धडा.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: आधी अडचण, मग हात, मग चित्र, नाव सगळ्यांत शेवटी. आणि दर प्रयोगात एक गोष्ट काढून घ्या. कधी पेन्सिल, कधी बाह्यरेषा, कधी समोर असलेला नमुना. मुलांना सगळं साहित्य दिलं की ती नेहमीचंच करतात, डोंगर, त्यामधून सूर्य, खाली नदी.

म्हणजे नक्कल वाईट, असं माझं म्हणणं नाही. मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून पुढची तेरा वर्षं अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं उतरवून घेतली, आणि त्यातून ती मुलं खूप शिकली असणार. पण आपण का उतरवतोय हे त्यांना माहीत होतं, आणि ती लहान नव्हती. बारा-तेराच्या पुढे, मुलाने स्वतःहून मागितलं तर, चित्राचा हाताच्या पंजाएवढा एकच तुकडा उतरवायला द्या. सबंध चित्र नको. तुकड्यात लक्ष रंगाकडे जातं, सबंध चित्रात 'तसं आलं का' याकडे.

शक्य झालं तर वर्षातून एकदा खरं चित्र दाखवा. आम्ही एसटीने साताऱ्याजवळच्या औंधला जातो. पंतप्रतिनिधींनी उभ्या केलेल्या भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. सगळं संग्रहालय फिरवत बसत नाही. प्रत्येक मुलाने एक चित्र निवडायचं आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं बसायचं, एवढंच. डबा नंतर.

पालकांचा प्रश्न उरतो. त्यांना घरी लावायला 'स्टारी नाइट' हवी असते, आणि मुलगा काळाकुट्ट कागद घेऊन येतो. यावर मी एकच उपाय करते. चित्राखाली मुलाच्या अक्षरात एक ओळ लिहून घेते: मला काय अडचण होती. 'मला पेन्सिल नव्हती.' 'मला आकाश आठवत नव्हतं.' 'माझा पंखा चालू होता.' ती ओळ वाचली की आई-बाबा चित्र पुन्हा बघतात. सगळे नाही बघत. दरवर्षी दोन-तीन जण क्लास बदलतात, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

त्या रडलेल्या मुलीला मात्र पुढच्या शनिवारी बाजूला घ्या. तिचं चित्र छान आहे असं म्हणू नका, तिला ते खोटं वाटेल. तिलाच विचारा, तुझ्यात आणि त्याच्यात कुठे कुठे फरक आहे, मला दाखव. ती दाखवेल, आणि बहुतेक तुम्हाला न दिसलेलेही दोन-तीन दाखवेल. मग तिला निरांजनाच्या दिवशी ज्योतीच्या सगळ्यांत जवळ बसवा. आणि कोळशाच्या शनिवारी पांढरा शर्ट घालून कुणी येऊ नये, असा निरोप आदल्या दिवशीच पाठवा. हे मी दर वर्षी विसरते.